खडूची फुली

"पिळायचं नाही, बाबा. पिळलंत की बुळबुळीत होतं," असं लेकीने फोनवर तीनदा बजावलं होतं. म्हणून नाकसाहेब फडकं पातेल्यावर धरून नुसते उभे होते. फडक्यात वाटलेले ओट आणि खाली थेंब थेंब पडणारं पांढरट पाणी. त्याला दूध म्हणायला त्यांची जीभ अजून रेटत नव्हती. सकाळी कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी त्यात दुधाची डिग्री मोजायची काचेची नळीसुद्धा बुडवली होती. आकडा आला तो त्यांनी कुणालाही सांगितला नसता.

नाकसाहेब हे नाव त्यांना दूध संकलन केंद्रावर पडलं. अडतीस वर्षं त्यांचं काम एकच. कॅनचं झाकण उघडायचं, नाकाशी न्यायचं आणि निकाल द्यायचा. पुढे यंत्रं आली, पण तीही त्यांच्याशी फारसा वाद घालत नसत. शंका आली की कॅनवर खडूने फुली, आणि कॅन आल्या पावली परत. एकदा त्यांनी सख्ख्या मेव्हण्याच्या कॅनवर फुली मारली.

"अहो, नुसता संशयच ना तुम्हाला?" मेव्हणा म्हणाला होता.

"फुली संशयाचीच असते. खात्री असती तर ओतूनच दिलं असतं."

मेव्हण्याने दोन वर्षं तोंड दाखवलं नाही. बायकोनेही घरात आठवडाभर अबोला धरला. तेवढीच शांतता मिळाली, असं ते नंतर हसत सांगायचे. पण तो आठवडा त्यांना फार जड गेला होता.

अशा माणसाच्या नातीला दूध बाधत होतं. नात सात वर्षांची. दुधाचा थेंब पोटात गेला की तिचा घसा सुजतो, असं लेकीने त्यांना परोपरीने सांगितलं होतं. नाकसाहेबांना ते पटलं नाही. भेसळीचं दूध बाधत असेल; चांगलं दूध कुणाला कशाला बाधेल? आठ महिन्यांपूर्वी लेक औषधाच्या दुकानात गेली असताना त्यांनी नातीला अर्धा कप दूध दिलं. स्वतः वास घेऊन, तापवून, निववून. दहा मिनिटांत पोरीचे ओठ सुजले आणि श्वासाला शिट्टी लागली. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी ती रात्र काढली. सकाळी नात उठून बसली, खेळायलाही लागली. लेक एवढंच म्हणाली, "बाबा, मी सांगितलं होतं."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर ती यायची, पण खुर्चीच्या कडेवर बसायची, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत नातीचा खाऊ, नातीचं पाणी, नातीचा पेला. बाथरूमला जातानाही पोरीला सोबत न्यायची. नाकसाहेबांच्या घरात आता त्यांच्यावरच फुली होती, आणि ती मारणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

तीन दिवसांपूर्वी लेकीचा फोन आला होता. "हिला सुट्टी लागली. तुमच्याकडेच राहायचं म्हणून हटून बसलीय. मला तर कामावर जावं लागतं. रविवारी तीनला येतो. बघू."

त्या 'बघू'पाशी नाकसाहेबांचा जीव तीन दिवस टांगणीला लागला होता.

मग नातीने फोन ओढून घेतला होता. "आजोबा, कोरियातली मुलं पितात ना, तसं स्ट्रॉबेरीचं दूध करा. बिनदुधाचं. लिहून घ्या. सगळ्या ठेचायच्या नाहीत. अर्ध्या ठेचायच्या, अर्ध्यांचे तुकडे. साखर घालून फ्रीजमध्ये ठेवायचं. मग लाल खाली, पांढरं वर. आणि ढवळायचं नाही हं, मी ढवळणार."

त्यांनी सगळं शब्दन् शब्द लिहून घेतलं होतं. नवीन पातेलं, नवीन फडकं, नवीन बरणी. एका चमच्याला लाल दोरा बांधला होता. तो फक्त नातीचा. बाजारातून आणलेल्या स्ट्रॉबेरीतल्या मऊ पडलेल्या वेगळ्या काढून उरलेल्या सकाळीच साखरेत मुरायला ठेवल्या होत्या. आता फ्रीज उघडला तर बरणीत तळाशी लालभडक पाक उतरला होता. त्यांनी झाकण नाकाशी नेलं. वास पहिल्या नंबराचा होता.

पावणेतीन झाले होते. गाळलेलं पांढरं त्यांनी बाटलीत भरलं, चहाचा एक घोट घेतला आणि बरणीतली साखर विरघळली का ते बघायला पाक ढवळला. दोन वेढे झाले आणि हात थांबला.

चमच्याला दोरा नव्हता.

दोऱ्याचा चमचा ओट्यावर कोरडा पडला होता. हा कपाशेजारचा होता. याने चहा ढवळला होता की नुसती साखर घेतली होती? त्यांना आठवेना. त्यांनी चमचा उजेडात धरला, नाकाशी नेला. स्ट्रॉबेरीखेरीज कशाचाच वास नव्हता. बहुतेक साखरच घेतली असेल.

घरात दुसरी स्ट्रॉबेरी नव्हती. बाजार लांब, त्यात गुडघा असा. नातीने तीन दिवस या एका पेल्याचा ध्यास घेतला होता, आणि कळणार तर कुणालाच नव्हतं. नाकसाहेब बरणीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी खण उघडला, तळातला खडूचा तुकडा काढला आणि बरणीवर फुली मारली.

बेल वाजली.

"आजोबा, झालं का?" नात बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरली. मागोमाग लेक, पिशवी छातीशी धरून.

"झालं होतं. नापास केलं."

"म्हणजे?"

"चमचा चुकला," ते लेकीकडे बघून म्हणाले. "चहातला असेल. बहुतेक नव्हता. पण मला सांगता येत नाही."

लेक बरणीवरच्या फुलीकडे बघत राहिली. नातीचा ओठ थरथरला. "मग मी काय पिऊ?"

"पांढरं आहे. ते पास आहे."

नातीने पेला तोंडाला लावला आणि नाक मुरडलं. "पाण्यासारखं लागतंय."

"लागतंच," नाकसाहेब म्हणाले. "उद्या सकाळी बाजारात जाऊ. निवडायच्या तू."

"उद्या?" नातीने आईकडे पाहिलं.

लेकीने पिशवीची चेन उघडली. नातीची बाटली काढेल असं त्यांना वाटलं. तिने एक छोटी निळी डबी काढली आणि टेबलावर ठेवली. "ही सुई. श्वास लागला तर मांडीला टोचायची, कपड्यांवरूनच. आणि लगेच दवाखाना. दाखवते." तिने दाखवलं. मग त्यांच्याकडून दोनदा करवून घेतलं.

"मी सहाला येते," ती म्हणाली. "उद्यापासून सकाळी सोडत जाईन."

दार लागलं. नात खिडकीतून आईला हात करत होती. नाकसाहेबांनी उरलेला चहा मोरीत ओतला आणि कप घासला. फ्रीजमधलं दुधाचं पातेलं काढलं. सवयीने झाकण नाकाशी नेलं. दूध अगदी उत्तम होतं.

शेजारणीकडे नेऊन द्यायला म्हणून त्यांनी ते दारापाशी ठेवलं आणि खडू घेऊन त्यावर फुली मारली. अडतीस वर्षांत चांगल्या दुधावर त्यांनी फुली कधी मारली नव्हती.