फुटवा

"आक्का, ह्यातला एक फुटवा मला द्या की," दगडाबाई म्हणाली आणि खुरपं बाजूला ठेवून वाफ्याच्या कडेला तशीच बसून राहिली.

चंदनबाला पायरीवर तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला. दगडाबाईनं या घरात आजवर काही मागितलं नव्हतं. दिवाळीला दिलेलं लुगडंसुद्धा ती "कशाला, आक्का" म्हणत संकोचानं घ्यायची. आणि आज मागितलं तर नेमकं कोनफ्लॉवरचं झाड.

चंदनबालाचा नवरा बाहुबली सांगलीच्या यार्डात हळदीचा अडत्या होता. तो गेल्यावर पेढी पुतण्यांकडे गेली. मुलगी ब्राह्मी कराडला दिलेली, मुलगा सन्मती पुण्यात. एवढ्या मोठ्या घरात उरली ती आणि घरापुढची बाग. बागेच्या बाबतीत तिचा एक नियम होता. दरसाल नव्यानं पेरावं लागतं, असं काही लावायचं नाही. एकदा लावलं की मूळ धरून राहील, वाळून गेल्यासारखं दिसलं तरी हंगाम आला की आपण होऊन वर येईल, तेवढंच लावायचं. गुलबक्षी, निशिगंध, कर्दळ, अबोली. माणसं निघून गेलेल्या घरात परत येणारं काहीतरी असावं, असं तिला वाटायचं. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

कोनफ्लॉवरचं बी सन्मतीनं आणून दिलं होतं. थंड मुलखातलं झाड. बी ओल्या वाळूत कालवून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवायचं, हिवाळा होऊन गेला असं त्याला वाटलं पाहिजे, मगच ते रुजतं, असं त्यानं सांगितलं होतं. चंदनबालानं दह्याच्या पातेल्याशेजारी ती डबी ठेवली आणि रोज उघडून पाहिली. सांगलीच्या काळ्या मातीत पाणी साचून मूळ कुजतं म्हणून वाफा उंच करायचा होता. मुरूम आणि वाळूच्या पाट्या डोक्यावरून वाहून तो दगडाबाईनं केला. पहिल्या वर्षी नुसती खरबरीत पानं आली. दुसऱ्या वर्षी मात्र ताठ दांडे उभे राहिले आणि त्यांच्यावर फुलं उमलली. जांभळट गुलाबी पाकळ्या खाली ओघळलेल्या आणि मधोमध तांबूस, काटेरी बोंड. दगडाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली होती. "पदर खाली सोडून उभ्या ऱ्हायलेल्या बायकांगत दिसत्यात," ती म्हणाली होती.

तेव्हापासून पावसाळ्यात फाटकाशी माणसं थांबायची. मंदिरात जाणाऱ्या बायका थांबायच्या, शाळेचे मास्तर थांबायचे, कुणीकुणी मोबाइलवर फोटो काढायचं. कुठून आणलं, काय नाव, असं विचारायचं. असलं फूल सांगलीत दुसऱ्या कुणाच्या दारात नाही, हे चंदनबाला न चुकता सांगायची.

"तुला कशाला गं?" तिनं आता विचारलं.

दगडाबाई जतच्या पलीकडची, धनगराची. दुष्काळात धाकट्या लेकाबरोबर सांगलीला आली आणि इथंच चार घरची कामं धरली. नवरा अर्जुना आणि थोरला ज्योतिबा तिकडं वस्तीवर मेंढरं राखत होते. त्या वर्षी वस्तीवर त्यांचं घर उभं राहिलं होतं.

"जल्मभर मेंढरांमागं फिरलो, आक्का," ती म्हणाली. "आज हितं तळ, उद्या ततं. दारच नव्हतं, मग दारात काय लावनार? आता घर झालंय. हे दरसाल आपलं आपन येतंय, म्हनून म्हनलं."

द्यायला काहीच हरकत नव्हती. एकेका गड्ड्याला पाच-सहा फुटवे होते. जतच्या माळावर ते फुललं असतं तरी सांगलीतलं कोण बघायला जाणार होतं? पण चंदनबालाचा जीव आखडला. का, ते तिला त्या वेळी कळलं नाही आणि कळून घ्यायची तिची इच्छाही नव्हती. सरळ नाही म्हणायचं तर तोंड होईना. मग आपसूक तिच्या तोंडून निघालं, "आम्हा जैनांत मुळाला लोखंड लावत नाहीत, दगडाबाई. कांदा-बटाटा आम्ही का खात नाही? मुळाशी किती जीव असतात. पाप लागतं."

हे बोलताना ती ज्या घराच्या पायरीवर बसली होती, ते सगळं घर हळदीवर उभं राहिलं होतं. जमिनीतून खणून काढलेल्या, उकडून वाळवलेल्या हळदीवर. दगडाबाईला ते म्हणता आलं असतं. पण तिनं वाफ्याच्या मातीला हात लावून तो कपाळाला टेकवला.

"मला ठावं नव्हतं, आक्का. चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी चंदनबाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून सहज बाहेर बघते, तर दगडाबाई कोनफ्लॉवरच्या वाफ्यात हातानं तण उपटत बसलेली. खुरपं दूर भिंतीला टेकवून ठेवलेलं. हराळी तशी चिवट, बोटं कापते. ती एकेक काडी धरून हलक्या हातानं ओढत होती. मुळाला लोखंड लागू नये म्हणून.

चंदनबालाला वाटलं, जावं आणि सांगावं, अगं घे खुरपं, एवढं काही नाही. पण तसं सांगायचं म्हणजे कालचं बोलणं मागं घ्यायचं. ती खिडकीतून बाजूला झाली. संध्याकाळी तिनं बोटांना लावायला वाटीत खोबरेल तेल काढून दिलं. दगडाबाईनं ते घेतलं आणि म्हणाली, तुमची मानसं लय मोठ्या मनाची, झाडाच्या मुळाला बी दुखवत न्हाई.

भाद्रपदात दशलक्षण पर्व झालं आणि पाठोपाठ कराडहून ब्राह्मीच्या सासूबाई मुक्कामाला आल्या. विहीणबाईंना सुनेच्या माहेरच्या माणसांचं काही पसंत पडत नाही, असं ब्राह्मी फोनवर सांगायची. म्हणून चंदनबालानं दोन दिवस जिवाचा आटापिटा केला. गोडाधोडाचं केलं, नव्या चादरी काढल्या. विहीणबाई मोजकंच बोलल्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्या वाफ्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. हे आमच्या बंगल्यापुढं किती शोभेल, असं म्हणाल्या. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा हसल्या होत्या.

सकाळी, दगडाबाई यायच्या आधी, चंदनबालानं स्वतः कुदळ घेतली. सगळ्यात भरदार गड्डा निवडला, चारी बाजूंनी खणून मातीसकट उचलला आणि प्लास्टिकच्या बादलीत घालून विहीणबाईंच्या गाडीत ठेवला. आता लेकीला सासरी थोडं हलकं होईल, असं तिला वाटलं. गाडी कोपऱ्यावर वळली तशी दगडाबाई फाटक लोटून आत आली.

ती वाफ्यापाशी गेली आणि थांबली.

"घुशीनं उकरलंय जनू," ती म्हणाली. "आख्खं झाडच नेलंया."

"असेल," चंदनबाला म्हणाली.

दगडाबाईनं खड्डा बुजवला, माती पायानं दाबली. घुशीचं बीळ कुठं दिसतंय का म्हणून ती कुंपणाच्या कडेनं परसात गेली. न्हाणीच्या भिंतीला कुदळ टेकवलेली होती. तिच्या पात्याला ओली माती आणि तुटलेली पांढरी मुळं चिकटलेली होती. चंदनबालाला मागच्या दारातून सगळं दिसत होतं. दगडाबाई कुदळीकडं बघत काही वेळ उभी राहिली. मग तिनं ती नळाखाली धरली, स्वच्छ धुतली आणि नेहमीच्या जागी, जिन्याखाली नेऊन ठेवली. घुशीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

त्यानंतर वाफा खुरपायला ती बसली, तेव्हा खुरपं तिच्या हातात होतं.

काम तिनं कमी केलं नाही. वेळेवर यायची, पाणी घालायची, फरशी पुसायची. विचारलं तर उत्तर द्यायची. फक्त आपण होऊन फुलांबद्दल बोलायची, ते थांबलं. चंदनबाला कधी मुद्दाम म्हणायची, बघ गं, आज किती उमललीत. ती मान हलवायची आणि पाईप पुढच्या वाफ्याकडं ओढायची.

संक्रांतीच्या सुमारास तिनं सांगितलं की ती कायमची वस्तीवर जाणार. अर्जुनाचे गुडघे गेले होते, एकट्या ज्योतिबाला कळप आवरत नव्हता. चंदनबालानं तिला चांगलं लुगडं दिलं, तिळगूळ दिला, प्रवासाला डबा दिला. फाटकापर्यंत पोचवायला गेली. वाफ्यात त्या वेळी फुलं नव्हती, जमिनीलगत पानं तेवढी होती. आता तरी म्हणावं, थांब, एक फुटवा घेऊन जा. पण ते म्हणायचं तर त्याआधी बाकीचं सगळं म्हणावं लागणार होतं. "जपून जा," ती म्हणाली. दगडाबाई वाकून पाया पडली आणि गेली.

कराडचा गड्डा जगला नाही. विहीणबाईंच्या माळ्यानं त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं आणि तो कुजला, असं ब्राह्मीनं सहज बोलता बोलता सांगितलं. तिच्या सासूबाईंना आता ते झाड आठवतही नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात फुलं आली, फाटकाशी माणसं थांबली. चंदनबाला पायरीवर बसेनाशी झाली. कुणी नाव विचारलं तर नाव सांगून आत जायची. कामाला आलेली नवी बाई, रंगुबाई, खुरप्यानं वाफा भसाभसा ओढायची, तेव्हा चंदनबालाला खिडकीत उभं राहवत नसे. मंदिरात क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांना हात जोडले, वर्षभरात काही दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणाले. तिनंही हात जोडले. ज्यांना तिनं कधीच दुखावलं नव्हतं अशा पुष्कळ माणसांची तिनं त्या दिवशी क्षमा मागितली.

दिवाळीला सन्मती आला. त्यानं वाफा पाहिला आणि म्हणाला की गड्डे फार दाटलेत, मधली झाडं मरायला लागलीत, खणून वेगळी केली नाहीत तर सगळंच जाईल. दोघांनी मिळून ती खणली. एवढे फुटवे निघाले की ठेवायला जागा पुरेना. जो मागेल त्याला चंदनबालानं दिले. मास्तर घेऊन गेले, मंदिराच्या आवारात लावले, पुतण्या सम्मेदनं पेढीसमोर कुंडीत लावला. मग त्यातला एक चांगला, मुळं भरलेला तिनं ओल्या गोणपाटात बांधला आणि ज्योतिबाला फोन लावून वस्तीचा रस्ता विचारून घेतला. गाडी करून देतो, असं सन्मती म्हणाला. ती नको म्हणाली. सकाळच्या एसटीनं जतला उतरली आणि पुढं माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये, शेळीच्या करडाला मांडीवर घेतलेल्या एका बाईशेजारी बसून वस्तीवर गेली.

माळावर एकटंच घर होतं. दाराला निळा रंग, बाहेर टँकरच्या पाण्याची बॅरलं, पलीकडं जाळीच्या वाघुरात मेंढरांची पिलं. सून कानडी मुलखातली. तिनं या, या अशा अर्थानं "बर्री, बर्री" म्हणत घोंगडं अंथरलं. दगडाबाई मागून आली आणि तिनं चंदनबालाचे दोन्ही हात धरले. तिला खराच आनंद झाला होता. ब्राह्मी कशी हाय, सन्मतीचं लगीन ठरलं का, तुमची कंबर दुखायची ती ऱ्हायली का, असं सगळं तिनं विचारलं. पाणी आणताना धुतलेलं पांढरं फडकं दुहेरी करून घागरीच्या तोंडाला लावलं आणि गाळून दिलं. चंदनबाला गाळलेलंच पाणी पिते, हे तिला सांगावं लागलं नाही. कांदा न घालता पिठलं केलं, भाकरी केली आणि उन्हं उतरायच्या आत जेवू घातलं.

जेवण झाल्यावर चंदनबालानं गोणपाट सोडलं. काय बोलायचं ते तिनं बसमध्ये ठरवलं होतं. आता त्यातलं काही आठवेना.

"दगडाबाई, मी तुला तेव्हा खोटं सांगितलं."

"ठावं हाय मला," दगडाबाई म्हणाली. तिनं सुनेला मेंढरांकडं पाठवलं आणि घोंगड्याच्या कडेला टेकली. "आवं आक्का, न्हाई देत म्हनला असता तरी काय बिघडलं असतं? ज्याचं झाड त्याचं. मी परत इचारलं बी नसतं. पर तुमी देवाधर्माचं नाव घ्याय नगं हुतं. मी खरं मानलं की वो."

चंदनबालाला तिच्याकडं बघवेना. तिनं फुटवा पुढं सरकवला. "हा घे. दारात लाव."

दगडाबाईनं तो हातात घेतला. मुळांवरची माती बोटानं चाचपली, पानं उलटून पाहिली. मग परत गोणपाटावर ठेवला.

"न्हाई आक्का. मला नगं."

"पाण्याची अडचण असेल ना?" चंदनबाला घाईनं म्हणाली. "याला एकदा मूळ धरलं की फार पाणी लागत नाही."

"पान्याचं काय न्हाई. तुळशीला घालतोच की भांडी धुतल्यालं," दगडाबाई शांतपणे म्हणाली. "तसं न्हाई. मला नगं."

तिच्या आवाजात राग नव्हता. चंदनबाला आणखी काही कारण सांगितलं जाईल म्हणून वाट बघत राहिली. ते आलं नाही.

जीप यायची वेळ झाली. चंदनबालानं गोणपाट गुंडाळायला घेतलं. ते उन्हानं कडकडीत वाळलं होतं. दगडाबाईनं ते तिच्या हातातून घेतलं. बॅरलचं झाकण उघडून तांब्या भरला आणि उकिडवी बसून, खाली थेंब सांडू न देता, मुळांवर हळूहळू ओतला. गोणपाट ओलं गच्च झालं तसं सुतळीनं आवळून बांधलं.

"मांडीवर धरा," ती म्हणाली. "खाली ठेवलं तर धक्क्यानं माती निसटंल."

जतच्या स्टँडवर कंडक्टरनं गाठोडं वर ठेवायला सांगितलं, पण चंदनबालानं ते मांडीवरच ठेवलं. पाणी झिरपून तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. शेजारच्या बाईनं पुसायला रुमाल पुढं केला. चंदनबालानं मान हलवून नको म्हटलं. मिरज आलं तेव्हाही लुगडं ओलंच होतं.