लाइन तुटली नव्हती

मी एक लाल बटण बोलतोय. लिमलेटच्या गोळीएवढा माझा आकार. रेडिओ स्टेशनच्या टेबलावर, निवेदकाच्या उजव्या हाताशी माझी जागा होती. घाणेरडं, अब्रू घालवणारं, खटला ओढवणारं काही हवेत जाऊ नये म्हणून माणसांनी मला बनवलं. आता मला कोणी दाबत नाही, तेव्हा माझं मी बोलून घेतो.

माझं काम सोपं होतं. फोनवरचा माणूस बोलतो ते लगेच रेडिओवर जात नाही. वीस सेकंद ते माझ्या यंत्राच्या पोटात थांबतं, मग बाहेर पडतं. तेवढ्यात निवेदकाने मला दाबलं की ते वीस सेकंद पुसले जातात आणि रेडिओ एकदम चालू क्षणावर उडी मारतो. ऐकणाऱ्याला उचकी लागल्यासारखं वाटतं, एवढंच.

१९८९ साली मला अमेरिकेत, ईरी सरोवराच्या काठच्या हार्लन पॉइंट गावी आणलं. पोलादाच्या भट्ट्या एकेक करून बंद पडत होत्या. गावाचं म्हणावं असं एकच उरलं होतं, त्यांचा फुटबॉल संघ, स्टोकर्स. हा चेंडू हातात धरून पळायचा, फेकायचा फुटबॉल. त्यात क्वार्टरबॅक नावाचा गडी असतो. प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू होतो. जिंकलं तर त्याचा पुतळा, हरलं तर त्याच्या नावाची शिवी.

माझा निवेदक वॉल्ट कोवालचिक. रोज दुपारी चार ते सात त्याचा कार्यक्रम. समोर कागदी बशीत थंडगार पिएरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या पोलिश करंज्या, कानाला हेडफोन, आणि बोट माझ्यापासून दोन इंचांवर. विषय कालच्या सामन्याचा असला तरी दहा मिनिटांत गाडी जुन्या क्वार्टरबॅकांवर यायची. बड स्ट्रिकरने त्रेसष्ट साली अजिंक्यपद आणलं, तो देव. क्रेग डेनिंग जास्त पैशांसाठी दुसऱ्या शहरात गेला, तो गद्दार. आणि लाइल टॅगर्ट? शहाऐंशीच्या जानेवारीत, उपांत्य सामन्यात, मध्यंतरापर्यंत पुढे असताना नंतर त्याने तीन पास थेट विरोधी गड्यांच्या हातात फेकले. त्याला गाव ‘दानशूर’ म्हणायचं.

"वॉल्टी, दानशूराने तीन पास दिले ना, तेही घरपोच!" हा गस पापास, टायरच्या दुकानातून बोलणारा.

"गस, आधी तुझा रेडिओ कमी कर. तुझंच बोलणं मागून ऐकू येतंय."

"शेवटच्या पासाला तर आपला एक गडी जवळ नव्हता, वॉल्टी. एक! माझ्या सासूने बरा फेकला असता."

मग वांडामावशी. वय सत्तरच्या पुढे, पण रोज फोन. "वॉल्टर बाळा, स्ट्रिकर मोडक्या पायावर खेळला होता, मोडक्या! आताच्या पोरांना नख लागलं तरी आई आठवते."

गाव हसायचं. मोडक्या पायावर खेळवलेल्या माणसाची आरती करणाऱ्या या गावाने कधी विचारलं नाही की त्याला मैदानात ढकललं कोणी. मला याचा फार राग यायचा. पण बटणाच्या रागाला कोण विचारतो?

स्टोकर्सचे सामने आमच्याच स्टेशनवरून जात. तो करार क्लबच्या, म्हणजे संघाच्या मालकांच्या, हातात होता. म्हणून मॅनेजर ब्रूस लिंडमनने वॉल्टला बजावलं होतं, "शिवी आली की दाब. आणि क्लबचे डॉक्टर, दुखापती, असलं काही आलं तरी दाब."

"मग शिवी कुठली आणि बातमी कुठली?"

"ते तू ठरवू नकोस. तू फक्त बोट तयार ठेव."

वॉल्ट आधी वर्तमानपत्रात बातमीदार होता. तरी त्याने बोट माझ्या आणखी एक इंच जवळ आणलं. त्या दिवसापासून माझं काम बदललं.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात एका बाईचा फोन आला. तिच्या मागे रेडिओ मोठ्याने लागला होता.

"बाई, रेडिओ कमी करा."

"नाही करता येणार. तो ऐकतोय."

"कोण?"

"लाइल. मी डोरीन टॅगर्ट, त्याची बायको. तो रोज स्वयंपाकघरात बसून तुमचा कार्यक्रम ऐकतो. हल्ली बरंच विसरतो, पण तुम्ही सगळे त्याला काय म्हणता ते नाही विसरत. त्याला समजतंय तोवर एकदा खरं ऐकू दे. त्या उपांत्य सामन्याच्या मध्यंतरात डॉक्टरने लिहून दिलेला कागद माझ्याकडे आहे. वाचते. ‘खेळाडू क्रमांक नऊ. डोक्याला मार. आजचा वार, गावाचं नाव सांगता येत नाही. पुढे खेळवू नये.’ खाली सही आहे. हा कागद क्लबच्या माणसाने घडी करून लाइलच्याच कोटाच्या खिशात घातला आणि..."

वॉल्टने मला दाबलं.

पुरतं, तळापर्यंत दाबलं. कागद माझ्या पोटात विरघळला. गावाने ऐकलं ते एवढंच की लाइलची बायको आहे, त्याला समजतंय तोवर काहीतरी ऐकवायचंय. मग उचकी. मग वॉल्ट म्हणाला, "लाइन तुटली वाटतं."

ती तुटली नव्हती. डोरीन फोनवरच होती. तिच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओतून वॉल्टचं खोटं वाक्य परत आमच्या कानावर आलं. मागून एका पुरुषाचा हळू आवाज आला, "डोरीन, रेडिओवर तू केव्हा बोलणार गं?"

वॉल्टने फोन ठेवला. पुढचा फोन गसचा होता. "घरातलाही पास मधेच कोणी पकडला वाटतं!" वॉल्ट हसला. हसण्याचाच पगार होता त्याला.

त्यानंतर दहा वर्षं मी शिव्या गिळल्या. वॉल्टचे केस गेले, पिएरोगी गेली, डॉक्टरने दिलेलं कोशिंबिरीचं जेवण आलं. टॅगर्टचं नाव निघालं की तो घाईघाईने जाहिरात लावायचा. बाकी त्या फोनबद्दल मी त्याच्याकडून कधी काही ऐकलं नाही.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये लाइल गेला. वय बावन्न. शेवटची चार वर्षं तो एका संस्थेत होता आणि बायकोला परिचारिका समजायचा, असं पेपरात आलं. मग गावाचा सूर बदलला. ज्याच्या त्याच्या तोंडी टॅगर्ट. गस हुंदके देत होता. "वाघ होता रे वॉल्टी, वाघ! आपणच त्याला समजून घेतलं नाही." क्लबने जाहीर केलं की मैदानाच्या भिंतीवर त्याचं नाव कोरणार. वांडामावशी म्हणाली, "स्ट्रिकरच्या खाली कोरा म्हणजे झालं."

त्याच दुपारी डोरीनचा फोन आला. या वेळी मागे काही आवाज नव्हता.

वॉल्टने हात उचलून मांडीवर ठेवला. इतक्या वर्षांत मी त्याचा हात माझ्यापासून एवढा दूर कधी पाहिला नव्हता. "बोला बाई. तो कागद वाचा. आज मी हात लावणार नाही."

"कुठला कागद, मिस्टर कोवालचिक? तो मी त्याच्या कोटाच्या खिशात ठेवला. काल पुरलं त्याला."

"नक्कल असेल ना? कुठेतरी?"

"नाही. तेव्हा वाचला होता मी. ज्याला ऐकवायचा होता तो समोर बसला होता. आता तुम्हाला ऐकवून मी काय करू?" मग म्हणाली, "भिंतीवर नाव नको, एवढं सांगा त्यांना." आणि तिने फोन ठेवला.

वॉल्टने माइक जवळ ओढला आणि तो बोलू लागला. "मंडळी, दहा वर्षांपूर्वी या बाईंचा फोन तुटला नव्हता. मी तोडला. टॅगर्टला मध्यंतरात स्वतःचं गाव आठवत नव्हतं. डॉक्टरने लिहून दिलं होतं, खेळवू नका म्हणून. क्लबला ते..."

काचेपलीकडून ब्रूस धावत आला, वॉल्टच्या खांद्यावरून वाकला आणि त्याने मला दाबलं. नंतर पुन्हा दाबलं, मग पुन्हा, गरज नसताना. शेवटी माइकच बंद केला.

गावाला उचकी लागली आणि टायरची जाहिरात सुरू झाली.

वॉल्टने डबा पिशवीत भरला, हेडफोन नीट गुंडाळून ठेवला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सांगितलं गेलं की त्याला विश्रांतीची गरज आहे. नंतर त्याने दोन वर्तमानपत्रांना चिठ्ठ्या लिहिल्याचं मी ऐकलं. पुरावा नव्हता. छापलं नाही कोणी. भिंतीवर नाव मात्र कोरलं गेलं, स्ट्रिकरच्या खाली.

आता माझं काम संगणक करतो. मी सामानाच्या खोलीत, फाटक्या खोक्यात, तारांच्या गुंत्यात पडलो आहे. माझ्यावरचा लाल रंग झिजून गेलाय. भिंतीपलीकडे नवा निवेदक बोलतो आणि फोन करणारी माणसं अजून भांडतात, तो तिसरा पास टॅगर्टने फेकला तरी का? कोणी म्हणतं भित्रा, कोणी म्हणतं कमनशिबी. वर्षातून एकदा, त्याच्या पुण्यतिथीच्या दिवशी, सगळे म्हणतात वाघ.

शिव्या मी हजारो पुसल्या, त्याचं मला काही वाटत नाही. त्या आल्या तशा गेल्या. पण तुम्ही जे ऐकणारे आहात, तुम्हाला माझी विनवणी आहे. कोणी बाई बोलता बोलता अर्ध्या वाक्यात गप्प झाली, तर हसू नका आणि पुढचा फोन ऐकायला कान टवकारू नका. तिला गप्प कोणी केलं ते विचारा. मोठ्याने विचारा, रोज विचारा, फोन करून विचारा. मी स्वतःहून कधीच खाली गेलो नाही. प्रत्येक वेळी माझ्यावर कोणाचं तरी बोट होतं.