गाठ आतून कशी दिसली?

दादाला सगळं जमायचं, फक्त धाकट्या भावाचं कौतुक ऐकवत नसे. तो मूत्रविकारांचा सर्जन, पन्नाशी उलटलेला, हात असा सफाईदार की नर्सेसनी बघत राहावं. धाकटा त्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लॅबमध्ये, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेला. घरीदारी सगळे त्याला भिंग म्हणत. आणि आई? तिला साधी शिंक आली तरी ती आधी भिंगाला विचारणार. दादाच्या पोटात दुखायचं ते इथेच.

म्हणून आईच्या लघवीतून रक्त गेलं तेव्हा काळजीच्या जोडीला त्याला थोडं बरंही वाटलं. आता गाठ त्याच्याशी होती. त्याने स्वतः दुर्बीण घालून पाहिलं, मूत्राशयातल्या गाठीचा तुकडा काढला. तुकड्याबरोबर लॅबचा फॉर्म जातो. गाठ कशी दिसली ते सर्जनने त्यावर लिहायचं असतं. दादाने आपल्या जुन्या खोडीप्रमाणे लिहिलं, 'गाठ. रक्तस्राव.' बाकी जागा कोरी. एवढा हुशार आहे ना, मग शोधू दे म्हणावं!

भिंग नेमका रजेवर होता. बदली डॉक्टरने नेहमीचा कॅन्सर असल्याचं कळवून टाकलं. दादाने शुक्रवार ठरवला. मूत्राशय काढायचं, मग जन्मभर पोटाला लघवीची पिशवी.

गुरुवारी भिंग परतला, तुकड्याच्या काचा मायक्रोस्कोपखाली बघितल्या आणि फोन केला.

"दादा, पेशी वेगळ्या वाटतायत मला. आणखी तपासण्या लावतो, चार दिवस दे. गाठ आतून कशी दिसली रे?"

दादाला पक्कं आठवत होतं. गाठ गुळगुळीत, वरचं अस्तर जसंच्या तसं; पांघरुणाखालून गुडघा वर यावा तशी. नेहमीचा कॅन्सर अस्तरातूनच उगवतो; तेव्हा त्याच्याही मनात पाल चुकचुकली होती.

"नेहमीसारखीच," म्हणून त्याने फोन ठेवला.

दुपारी तो संमतीपत्र घेऊन आईकडे गेला. तिने चष्मा चढवला, पेन हातात घेतलं. "भिंग काय म्हणतोय?"

दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कापणार मी आहे, आई! त्याला काय विचारायचंय?"

"तुझ्या हाताची भीती नाही रे मला. त्या पिशवीची आहे. लाज वाटते." आणि तिने सही केली.

कागद घेऊन दादा जिन्यापर्यंत गेला आणि त्याला स्वतःची किळस आली. तो तसाच तळमजल्यावर उतरला. भिंगासमोर त्याने तो कागद फाडला. "खोटं बोललो तुझ्याशी. अस्तर शाबूत होतं. गाठ खालून आलीय."

भिंगाने लगेच तपासण्यांची यादी लिहायला घेतली.

पाच दिवसांनी निदान आलं. लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, मूत्राशयात क्वचितच सुरू होणारा, आणि त्यातलाही संथ जातीचा. बाकी शरीरात कुठे काही नव्हतं. मूत्राशय काढायची गरजच नव्हती. रेडिएशन पुरणार होतं. तीन महिन्यांनी दादाने पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा आत सगळं स्वच्छ होतं.

आईने भिंगाचा हात धरला. "वाचवलंस रे बाळा."

"मी कुठे? ऑपरेशन दादानेच थांबवलं. गाठ वेगळी आहे हे त्याच्याच नजरेत आलं."

आई वळली. तिने दादाचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि जन्मात कधी पाहिलं नव्हतं इतक्या कौतुकाने पाहिलं. दादा हसला. आतून मात्र जळून खाक झाला. भिंगाच्या जागी तो असता, तर त्याने आईला सगळं सांगितलं असतं.