आळ निंदु, नीर नंदु

कोप्पीकर रोडवर गुरुप्रसादचं कॅसेटचं दुकान होतं. २००१ साली दर शनिवारी संध्याकाळी तिथे जमणाऱ्यांत भौतिकशास्त्र शिकलेली मी एकटीच होते. बहुधा त्यामुळेच गाण्याचा अर्थ लावण्याचं काम माझ्याकडे आलं.

गाणं अनिशच्या बँडचं होतं. कानडीत रॉक म्हणणारं तोवर आमच्या हुबळी-धारवाडात कुणी नव्हतं, त्यामुळे कॉलेजची पोरं वेडी झाली होती. ध्रुवपद एवढंच होतं: ‘आळ निंदु, नीर नंदु’. कानडीत आळ म्हणजे खोली, पाण्याची असते ती. खोली तुझी, पाणी माझं. कार्यक्रमात ही ओळ आली की सगळे ‘निंदु’वर शेजारच्याकडे बोट दाखवायचे आणि ‘नंदु’वर हात छातीवर ठेवायचे. ही पद्धत कुणी सुरू केली ते ठाऊक नाही, पण अनोळखी माणसाने हसून आपल्याकडे बोट केलं की बरं वाटायचं.

अर्थ पुष्कळ निघाले. कुणी म्हणे हे उणकलच्या तळ्यात बुडालेल्या मित्राबद्दल आहे. गुरुप्रसादचं मत, हे सरळ प्रेमाचं गाणं आहे, उगाच डोकं खाऊ नका. दुसऱ्या कडव्यात ‘शारदी बेन्नहिंद कीलीकै’ अशी ओळ होती, म्हणजे शारदेच्या पाठीमागे किल्ली. त्यावर तर भांडणंच व्हायची. एक गट म्हणे, ज्ञानाची किल्ली ज्ञानदेवतेच्याही मागे दडलेली असते. दुसरा गट विद्यागिरीतल्या शारदा नावाच्या मुलीचा पत्ता शोधत होता.

मी मांडलेला अर्थ असा होता. पाण्याचा तळावरचा दाब पाणी किती आहे यावर ठरत नाही, खोली किती आहे यावर ठरतो. बारीक नळीतलं पाणी आणि तळ्यातलं पाणी, खोली सारखी असेल तर दाबही सारखाच. म्हणजे गाणारा म्हणतोय की दिसतं ते सगळं पाणी माझं आहे, पण वजन आहे ते तुझ्या खोलीमुळे. गुरुप्रसाद म्हणाला, “वेदाक्का, चहा माझ्याकडून.”

हे अनिशच्या कानावर गेलं. तो स्वतः दुकानात आला, मला पुन्हा सांगायला लावलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाला की अगदी हेच त्याच्या मनात होतं. दुसऱ्या आवृत्तीच्या कॅसेटमधल्या कागदावर माझं स्पष्टीकरण छापलं गेलं, खाली ‘वेदश्री, एम. एस्सी.’ असं नाव. कार्यक्रमातही त्या गाण्याआधी तो मला स्टेजवर बोलावू लागला. मला त्याचा अभिमान वाटत होता, हे इथे लिहायलाच हवं.

अनिश मला परका नव्हता. तो माझ्या मोठ्या भावाचा, श्रीकांतअण्णाचा मित्र. गिटारवर पहिली बोटं ठेवायला त्याला अण्णानेच शिकवलं, आमच्याच माडीवर. आईच्या हातचा उपमा खाऊन तो मोठा झाला असं आई म्हणायची. मग १९९६ साली कॉलेजच्या गॅदरिंगच्या आदल्या दिवशी अ‍ॅम्प्लिफायर नाहीसा झाला. सामानाच्या खोलीची किल्ली सेक्रेटरी म्हणून अण्णाकडे होती. कुलूप फोडलेलं नव्हतं. अण्णा सांगत होता, किल्ली मी बाहेर ठेवली होती आणि ती कुठे असते ते अनिशला ठाऊक होतं. अनिश आमच्या बाहेरच्या खोलीत बसून, आईने दिलेला चहा पीत अप्पांना म्हणाला, “काका, मला किल्लीचं काहीच माहीत नाही.”

अप्पा हायस्कुलात गणित शिकवायचे. प्रकरण पोलिसांत जाऊ नये म्हणून ते प्राचार्यांकडे गेले आणि मुलाच्या वतीने त्यांनी हात जोडून माफी मागितली. माफी मागितली म्हटल्यावर चोरी सिद्धच झाली. अण्णाने शेवटचं वर्ष सोडलं. आता तो गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात विजेच्या जळालेल्या मोटारींना नव्या तारा भरतो. अप्पा आणि तो एका पंगतीला बसत नाहीत. अण्णाचं ताट आई नंतर वाढते.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही अनिश खरं बोलला असेल आणि अण्णाचा काहीतरी घोटाळा झाला असेल, असं मी धरून चालले होते. घरातला माणूस चोर आहे असं म्हणायचं नसलं की घोटाळा हा शब्द फार सोयीचा पडतो.

त्या वर्षी दसऱ्याला साताऱ्याहून रुक्मिणीमावशी आली. तिला कानडीचा गंध नाही. घरी आम्ही मराठी बोलतो, दारात भाजीवालीशी कानडी, आणि एका भाषेतून दुसरीत कधी गेलो ते आम्हाला कळतही नाही. मावशी मात्र दाराशी गेली की मुकी. मी टेपवर गाणं लावून कपड्यांच्या घड्या घालत होते. मावशी तांदूळ निवडत होती. दोनदा ध्रुवपद ऐकून तिने सूप खाली ठेवलं.

“काय गं हे? आळ, निंदा, आळ, निंदा. कुणाची एवढी बदनामी चाललीय?”

मला हसू आलं. मी तिला सांगितलं की निंदा नाही, निंदु, म्हणजे तुझं. आणि आळ म्हणजे खोली.

“आळ म्हणजे खोली कधीपासून झाली?” मावशी म्हणाली. “आळ म्हणजे आळ. आपल्या श्रीकांतावर आला होता तो.”

आळ हा शब्द मी जन्मापासून मराठीतही ऐकत आले आहे. आमच्या घरात तर तो पाच वर्षं रोज होता, कुणी उच्चारत नव्हतं एवढंच. पण वाक्य कानडी म्हटलं की माझा कान कानडी होतो, आणि मग मराठी अर्थ दारातसुद्धा उभा राहत नाही. दुकानातल्या कानडी पोरांना मराठी शब्द ठाऊक नव्हता. आम्हा मराठी घरच्यांना ठाऊक होता, पण ऐकू आला नाही. ऐकू येण्यासाठी मावशीसारखं काहीच न कळणारं कुणीतरी लागलं.

आळ तुझा, पाणी माझं. मराठीत पाणी म्हणजे तेजही.

मी टेप मागे नेऊन दुसरं कडवं लावलं. शारदेच्या पाठीमागे किल्ली. मग चप्पल घालून गोकुळ रोडला गेले. अण्णा तारांच्या वेटोळ्यात मान घालून बसला होता. मी फक्त एवढंच विचारलं, की तेव्हा किल्ली नेमकी कुठे ठेवली होतीस. तो वर न बघता म्हणाला, “हॉलमध्ये शारदेची तसबीर होती. तिच्या मागच्या खिळ्याला.”

त्याने पुढे काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला आधी पक्कं करायचं होतं.

घरी येऊन अप्पांना सांगितलं. शब्द, ओळ, किल्ली, सगळं क्रमाने मांडलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांनी शंका काढली की किल्ली तिथे होती हे अनिशला नंतर कुणाकडूनही कळलं असेल. मी म्हटलं, पण मग गाण्यात कशाला घालेल? ते म्हणाले, “गाण्याचा पुरावा होतो का? त्याच्या तोंडून यायला हवं.”

त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. वाईट तेच वाटलं.

अनिशच्या घरचं दाजीबानपेठेत कापडाचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर गठ्ठ्यांच्या मधोमध त्याचा बँड तालीम करायचा. कापड आवाज पितं, त्यामुळे बाहेर त्रास होत नाही, असं तो सांगायचा. मी गेले तेव्हा तो एकटाच होता, तार बदलत होता. मी उभ्याउभ्याच विचारलं, “आळ कुठला? आपला मराठी की कानडी?”

तो थांबला. मला वाटलं होतं, तो दचकेल. तो खूश झाला. इतक्या दिवसांत कुणीतरी विचारलं याचाच त्याला आनंद झालेला दिसत होता.

“दोन्ही,” तो म्हणाला. “म्हणून तर गाणं जमलंय.”

मी विचारलं की किल्ली त्याने घेतली होती का. त्याने हो म्हटलं, इतक्या सहज, की मला पुन्हा विचारावंसं वाटलं. गॅदरिंगच्या आदल्या रात्री त्याला दुसऱ्या एका कॉलेजात वाजवायचं होतं. अ‍ॅम्प्लिफायर सकाळी परत ठेवायचा होता. तिथे तो जळाला. मग इकडे बोभाटा झाला आणि बोलायची वेळ निघून गेली. गाणं लिहून आपण सगळं कबूल केलंय, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला हलकं वाटत होतं.

“अण्णाला ठाऊक आहे?”

“कॅसेट आली त्याच आठवड्यात आला होता इथे. तिथे, त्या गठ्ठ्यावर बसून सगळं ऐकलं.”

“काय म्हणाला?”

“चाल चांगली आहे, म्हणाला.”

मी त्याला आमच्या घरी चलायला सांगितलं. आत्ता, अप्पांसमोर, हेच शब्द. त्याने तार पिळत मान हलवली. “वेदू, मी काय सांगू? गाण्याचा अर्थ? तो तर तू सांगतेस. तुझ्याइतका चांगला कुणाला जमणार?”

मी जिना उतरले. कॅसेटमधल्या कागदावर माझं नाव होतं. त्याच्या गाण्यातला आळ मी खोलीखाली पुरला होता, दाबाचा नियम लावून, आणि वर पदवीही लिहिली होती.

दिवाळीनंतरच्या रविवारी दुपारी हुबळीतच त्यांचा मोठा कार्यक्रम होता. नेहमीप्रमाणे त्याने मला अर्थ सांगायला बोलावलं होतं. मी त्याच्याशी भांडले नव्हते, त्यामुळे मी येणार हे त्याने गृहीत धरलं. मी अप्पांना म्हटलं, तुम्हाला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे ना, चला. अण्णाला मात्र फार विनवावं लागलं. दोघं मागच्या रांगेत शेजारीशेजारी बसले. त्यांना तसं बसलेलं मी पाच वर्षांनी पाहत होते.

गाण्याआधी मी माईकसमोर गेले. आधी कानडीत आणि मग मराठीत बोलले. यातला आळ मराठी आहे, असं मी म्हटलं. आळ म्हणजे खोटा ठपका. शारदा म्हणजे कॉलेजच्या हॉलमधली तसबीर, तिच्यामागे सामानाच्या खोलीची किल्ली होती. ती हा गाणारा घेऊन गेला. ठपका माझ्या भावावर आला. तो भाऊ इथेच मागे बसला आहे. “हे मी लावलेला अर्थ म्हणून सांगत नाही. हे घडलं आहे.”

मी अनिशकडे वळून विचारलं, “खरं की खोटं?”

तो माईकपाशी आला. पुढच्या ओळींत कुणीतरी टाळी वाजवली. मग शेजारच्याने वाजवली, आणि मग सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. शिट्ट्या आल्या. टाळ्या संपेपर्यंत अनिश खाली बघत थांबला. मग हसून म्हणाला, “एष्ट अर्थ अदाव, नोड्री.” किती अर्थ आहेत, बघा. आणि त्याने गिटारवर हात टाकला.

मी स्टेजच्या कडेला उभी राहिले. ध्रुवपद आलं. ‘आळ निंदु’, आणि सगळ्यांची बोटं उठली. मागच्या रांगेत एक मुलगी होती, कॉलेजचीच असावी. तिने अण्णाकडे वळून हसत बोट दाखवलं, पद्धतच होती तशी. तिच्या पलीकडच्यांनीही वळून दाखवलं, कारण भाऊ मागे बसला आहे हे मीच नुकतं सांगितलं होतं. त्यांना वाटलं, गंमत आहे. अण्णाने त्या मुलीकडे बघून मान हलवली. अप्पांना ही पद्धत माहीत नव्हती. ते बोटांकडे बघत होते.

गुरुप्रसाद माझ्याजवळ आला. त्याचे डोळे ओले होते. “वेदाक्का, पहिल्या अर्थापेक्षा हा भारी,” तो म्हणाला. “पुढच्या कॅसेटवर हाच छापू.”

मी मागे पाहिलं तर दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

ते मला बसस्टॉपवर सापडले. ऊन उतरत होतं. अप्पा बाकावर बसले होते, अण्णा उभा होता. हॉलमधला ड्रम इथवर ऐकू येत होता, शब्द येत नव्हते. अप्पांनी मला पाहिलं, चष्मा पुसला, आणि बाकावर थोडे बाजूला सरकले. माझ्यासाठी नव्हे, अण्णासाठी.

“त्याने नाही म्हटलं नाही,” ते अण्णाला म्हणाले. “मी नीट ऐकत होतो. त्याने नाही म्हटलं नाही.”

अण्णा बसला नाही. गोकुळ रोडची बस येत होती, तिच्याकडे बघत तो म्हणाला, “मी तुम्हाला हेच सांगितलं होतं, अप्पा. घरी, मराठीत. चाल न लावता.”

बस थांबली. तो चढला. बाकावरची सरकून केलेली जागा तशीच राहिली. मीही तिथे बसले नाही.