गॅरेटचा सुधारलेला हॉपर

ओहायोत, आमच्या गावाबाहेर मक्याच्या शेताला लागून पेंटबॉलचं, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या खेळाचं मैदान आहे. तिथं आमच्या तिघांच्या संघात गॅरेट स्टबल खेळायचा. समोरचं झाडही त्याला टिपता येत नसे. पण त्याचं एकच पालुपद, "गोळ्या वेळेवर मिळत नाहीत, नाहीतर दाखवलं असतं."

बंदुकीच्या डोक्यावर रंगाच्या गोळ्यांचा डबा बसतो, तो हॉपर. आतली मोटर गोळ्या ढवळते आणि त्या एकेक करून खाली उतरतात. आम्हा सगळ्यांचं त्यावर भागत होतं. गॅरेटनं मात्र हिवाळाभर तळघरात बसून मोटरला दुप्पट बॅटरी जोडली आणि हॉपरच्या तोंडाशी एक प्रकाशाचा डोळा बसवला. गोळीनं प्रकाश अडवला की मोटर थांबणार. प्रकाश आरपार गेला की फिरणार. तळघरात सगळं झकास चाललं. त्याची बायको डोरीन म्हणाली, "एवढ्या वेळात तुंबलेलं सिंक तरी मोकळं केलं असतंस."

वसंतातला पहिला सामना चर्चच्या मंडळींशी होता. त्या सगळ्यांकडे भाड्याच्या बंदुका. पाद्रीबाबांच्या बायकोला, मार्जबाईंना, गॅरेट म्हणाला, "बाई, आज जरा लांबच राहा. उगाच लागेल."

"बरं हो," त्या म्हणाल्या.

खेळ सुरू झाला. गॅरेट झाडीतून लख्ख उन्हात आला आणि हॉपर किंचाळायला लागला. मिक्सरमध्ये चटणी फिरावी तशा गोळ्या आत फिरत होत्या. काय झालं ते पाहायला त्यानं झाकण उघडलं. फुटलेल्या गोळ्यांचा सगळा नारिंगी रंग तोंडावर!

"रंग लागला. बाद!" पंच ओरडला.

"अरे, हा माझाच रंग आहे!"

"मग तूच तुला मारलंस."

आमचा कप्तान लाइल पोट धरून हसत सुटला. "चला, गॅरेटनं एकदाचं कुणाला तरी टिपलं!" तो हसत असतानाच मार्जबाईंनी बाजूनं येऊन त्याला टिपलं, मग मला. सामना संपला.

हॉटडॉग खाताना गॅरेटनं हॉपरवर टोपी धरली. मोटर थांबली. टोपी काढली, पुन्हा गरगर. पारदर्शक डब्यातून ऊन थेट त्या प्रकाशाच्या डोळ्यावर पडत होतं, त्यामुळे गोळी आलीय हे त्याला कळतच नव्हतं. गॅरेटचा चेहरा उजळला.

"पाहिलंत? डोळा एकदम चोख आहे. ऊनच भलतं कडक होतं!"

घ्यायला आलेल्या डोरीननं रंगानं माखलेल्या गॅरेटला गाडीत घेतलं नाही. लाइलच्या पिकअपच्या मागच्या भागात, कचऱ्याची रिकामी पिशवी अंथरून तो घरी निघाला. वाटेत लाइलनं काच खाली केली.

"काय रे, काळी चिकटपट्टी लावली तर?"

"पळेल की!"

"मग... माझ्या हॉपरलाही डोळा बसवशील?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. घरासमोर उतरताना माझाही हॉपर गॅरेटच्या हातात दिला.

पुढच्या शनिवारी तिघांचे हॉपर काळ्या पट्ट्या लावून सुरळीत चालले. गोळ्यांचा नुसता पाऊस पडला. मार्जबाईंनी आम्हाला पुन्हा धुतलं, या वेळी हॉटडॉग गरम व्हायच्या आधीच.

गॅरेट गंभीर झाला. "आता कळलं," तो म्हणाला, "खरी खोट बंदुकीच्या नळीत आहे."

लाइलनं मान डोलावली. मीही.