पडद्याआडची जाड तार

बाईंनी पडदा मागितला तेव्हा लोक हसले होते. वाद्यवृंदात वादक निवडताना मधे पडदा टाका, वाजवणारा कोण हे परीक्षकांना दिसूच नये, एवढंच त्यांचं म्हणणं. बाईंनी चाळीस वर्षं व्हायोलिन वाजवलं, पण त्यातली पहिली बारा मागच्या रांगेत गेली. का, तर पुढे बाईमाणूस शोभत नाही. ते दुःख उराशी धरून बसायला बाईंना सवड नव्हती. त्यांनी अर्ज केले, सभा घेतल्या, चिटणिसांच्या दारात चपला झिजवल्या. नऊ वर्षांनी पडदा आला. काळा, जाड, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पावलांवरून कोणी ओळखू नये म्हणून खाली सतरंजीही घातली. उमेदवाराने तोंड उघडायचं नाही. त्याला नाव नाही, नुसता नंबर.

त्यानंतर सहा वर्षांत बाईंचे चार शिष्य निवडले गेले. बाई मिरवल्या नाहीत, पण कोणी विचारलं की म्हणायच्या, "पडद्याला नातीगोती नसतात हो."

यंदा पहिल्यांदाच त्यांना परीक्षकांच्या बाजूला बसायला बोलावलं होतं. मत द्यायचं नाही, नुसतं ऐकायचं. पाच परीक्षकांच्या मधोमध थोरली बसली होती. थोरली म्हणजे बाईंची पहिली शिष्या. आठ वर्षांची असताना आली, तापात बाईंच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपली. आता वाद्यवृंदातली प्रमुख व्हायोलिनवादक होती आणि तिचा शब्द सहसा खाली पडत नसे. जागा एकच होती. उमेदवारांत बाईंची सगळ्यांत धाकटी शिष्याही होती. शिंप्याची मुलगी, सगळे तिला चिमणी म्हणत. तिचा नंबर कोणता, हे बाईंना माहीत नव्हतं.

नऊ नंबरने वाजवलं आणि बाईंच्या अंगावर काटा आला. कुठे घाई नाही, कुठे दिखाऊपणा नाही. दहा नंबर आला तसा गेला. मग अकरा.

अकराने आधी तारा जुळवल्या. बहुतेक वादक दुसऱ्या तारेपासून सुरुवात करतात. इथे सगळ्यांत जाड तार आधी वाजली. बाईंना हसू आलं. ही आपली चिमणी. लहानपणी बाईंच्या व्हायोलिनची एक खुंटी सैल होती, जाड तार सारखी उतरायची, म्हणून ती आधी बघायची सवय लागली. तीच सवय न शिकवता शिष्यांच्या हातात उतरली.

तेवढ्यात त्यांची नजर शेजारी गेली. थोरलीने कागदावर अकरासमोर पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. अजून एक सूरही वाजला नव्हता.

चिमणीने बरं वाजवलं. पण जलद भागात दोनदा बोटं अडखळली आणि शेवट तिने उरकला. नऊ तिच्यापेक्षा हातभर पुढे होता, हे बाईंना आंधळ्यालाही दिसावं इतकं स्वच्छ दिसत होतं. थोरली म्हणाली, "अकरामध्ये जीव आहे." दोघांनी माना डोलावल्या. तीन विरुद्ध दोन. निकाल चहानंतर सांगायचा ठरला.

बाईंनी थोरलीला वाद्यं ठेवायच्या खोलीत गाठलं.

"एक सूर ऐकायच्या आत खूण केलीस?"

"हळू बोला, बाई. भिंतींना कान असतात."

"ओळखलंस कसं?"

"आता माझीच परीक्षा घेता होय? जाड तार आधी. आपली खूण."

"खूण? कसली खूण?"

"अहो, तुम्हीच नाही का शिकवलीत?" थोरली मोकळेपणी हसली. "पडदा लागला त्याच वर्षी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, बाई म्हणजे बाई! पडदाही आपला आणि त्याला भोकही आपलंच."

बाई एका पेटीवर बसल्या. "खुंटी सैल होती गं माझी. तार उतरायची. म्हणून."

थोरलीचं हसू मावळलं, पण क्षणभरच. "असेल. आता काय फरक पडतो? चार जण मार्गी लागले ना? तो परीक्षकांतला चेलोवाला स्वतःचे शिष्य खोकल्यावरून ओळखतो. इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्याबद्दलही."

"माझ्याबद्दल काय?"

"की म्हातारी पोचलेली आहे. कौतुकानेच म्हणतात, बाई."

कुंपणाने शेत खाल्लं, हे बाईंनी एक वेळ सोसलं असतं. पण इथे कुंपण म्हणत होतं की मालकिणीनेच चरायला सांगितलं. सहा वर्षं ही मुलगी आपल्याला लबाड समजत होती, आणि त्यासाठीच मान देत होती.

बाई तडक चिटणिसांकडे गेल्या. "नऊ आणि अकराला पुन्हा ऐका. तारा बाहेरच्या खोलीत जुळवून येऊ दे. थोरलीला मत नको."

चिटणिसांचा कप ओठाशीच थांबला. "अहो, अकरा तुमचीच ना? आम्हाला वाटलं, तुम्ही खूश व्हाल."

म्हणजे यालाही ठाऊक.

"मागच्या चौघांवरही बोटं उठतील, बाई."

"उठू द्या. पहिलं माझ्यावर उठवा."

पुन्हा ऐकलं. चौघांचीही मतं नऊला पडली. पडदा सरकला. पलीकडे टक्कल पडलेला, पंचेचाळिशीचा एक माणूस उभा होता. दर वर्षी येऊन परत जाणारा. त्याने बाईंना ओळखलं आणि म्हणाला, "तुमच्या पडद्यावर विश्वास होता, म्हणून येत राहिलो." बाईंना त्याच्याकडे बघवेना.

चिमणी पेटी छातीशी धरून जवळ आली. डोळे लाल होते.

"चहाच्या वेळी थोरली ताई म्हणाली होती, झालं तुझं काम. मग मोडलं कोणी?"

"मी."

"तुम्ही?"

"नऊने जास्त चांगलं वाजवलं, बाळा. उद्या नेहमीच्या वेळेला ये. त्या जलद भागावर बसू."

थोरलीने चिमणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेरचं जड दार तिच्यासाठी उघडून धरलं. दोघी गेल्या तसं दार मिटलं. बाईंनी खांदा लावून ते ढकललं आणि त्या एकट्याच पायऱ्या उतरू लागल्या.