उजव्या हाताच्या बांगड्या

"हात पुढे करा. सगळ्यांनी. पालथे," टीव्हीवाल्यांचा प्रभाकर म्हणाला, आणि खाडीच्या धक्क्यावर बसलेल्या कोळणींनी खिदळत हात पुढे केले.

मनूबाईनेही केले, आधी पदराला पुसून. प्रभाकर डोंबिवलीचा, बोलायला गोड. लग्नाच्या बस्त्याला साड्या चाळाव्यात तसा तो एकेकीचे हात न्याहाळत पुढे सरकला. मनूबाईच्या हातांवर त्याची नजर टेकली न टेकली, तोच ती शेजारच्या चंद्रभागेच्या हातांवर जाऊन बसली.

"या ताई, तुम्हीच या," तो म्हणाला. मग मनूबाईकडे वळून, "मावशी, जरा सरकता का?"

चंद्रभागा ताई आणि ती मावशी. चंद्रभागा तिची धाकटी जाऊ, दोघींच्या वयात फार तर चार पावसाळ्यांचं अंतर. पण हे असंच चाललं होतं, धाकट्या दिराशी, कान्हाशी लग्न करून चंद्रभागा या घरात आली तेव्हापासून. कळवा नाक्यावर दोघी शेजारी पाट्या लावायच्या, दोघींच्या पाटीत एकाच होडीचं म्हावरं असायचं, तरी गिऱ्हाईक आधी चंद्रभागेपुढे वाकायचं. सासू मंजुळाबाय पानाचा डबा तिच्याकडेच मागायची. घरातलं मांजरसुद्धा मनूबाईने टाकलेला तुकडा खायचं आणि झोपायला चंद्रभागेच्या पायाशी जायचं. भांडायला काही कारण मिळालं असतं तर मनूबाई सुखी झाली असती. पण धाकटी वर तोंड करून बोलतच नव्हती, आणि त्यानेच थोरलीचा तिळपापड व्हायचा.

टीव्हीवर तेव्हा रविवारी सकाळी एक हिंदी मालिका लागायची. जुन्या परीकथा घ्यायच्या आणि त्यांना भलतीकडेच वळवायचं, असा तिचा खाक्या. या वेळी काचेचा जोडा हरवलेल्या मुलीची गोष्ट होती. त्यांच्या गोष्टीत तो जोडा पाण्यात पडतो, मासा तो गिळतो, मासा एका कोळ्याच्या पोरीकडे येतो, आणि जोडा तिच्याच पायाला बसतो. मग राजाला तिच्या झोपडीत यावं लागतं. एवढ्यासाठी मुंबईहून दोन गाड्या भरून माणसं ठाण्याच्या खाडीवर आली होती. कोळ्याची पोर झालेली नटी छत्रीखाली नाकाला रुमाल लावून बसली होती. माशाला हात लावायचं नाव काढताच तिला उमासे येत होते. म्हणून जिताडा चिरून त्याच्या पोटातून जोडा काढायला नुसते हात हवे होते.

"जिताड्याच्या पोटात जोडा जाईल कसा?" म्हाताऱ्या मोरू नाखव्याने विचारून पाहिलं.

"परीकथा आहे काका," प्रभाकर म्हणाला.

चित्रीकरण जाळी ठेवायच्या खोपटात होतं आणि आत गर्दी नको होती. जिताडा मनूबाईच्या नवऱ्याच्या, दामाजीच्या जाळ्यातला. तो उचलून न्यायला कोणीतरी हवंच, म्हणून मनूबाई चंद्रभागेच्या मागोमाग आत गेली. बाहेर राहिलेल्यांनी एवढंच पाहिलं की निवड चंद्रभागेची झाली, आणि मोठी जाऊ तिचा मासा वाहत गेली.

आत एका मुलीने चंद्रभागेपुढे बांगड्यांचा डबा उघडला. हिरव्यागार काचेच्या, सोनेरी ठिपक्यांच्या. डाव्या हातातल्या बदलून झाल्या, आणि तिने चंद्रभागेचा उजवा हात धरला. चंद्रभागेने तो मागे घेतला.

"नाय. ह्या हातान नाय घालनार."

"अहो ताई, हिरोईनच्या दोन्ही हातांत आहेत. ती गोष्टीत कुमारिका आहे ना. एका हातात नसल्या तर लोक हसतील आम्हाला."

"माज्या लग्नान दर्याला दिल्यान त्या. दिलेली वस्तू परत कशी घ्यावाची?"

प्रभाकरला काही उमगेना. कोळणीच्या लग्नात उजव्या हाताच्या बांगड्या पाण्याला द्यायच्या आणि बदल्यात पाण्याने तिचा घरधनी सांभाळायचा, हा करार त्याला डोंबिवलीत कोणी सांगितला असणार? तो आर्जवं करत राहिला. पाच मिनिटांचं काम, मग लगेच काढून टाका. चंद्रभागा मान हलवत राहिली. ती ना चिडली, ना रागावली, आणि तशा नकारातही ती देखणी दिसत होती.

"मी घालतंय," मनूबाई म्हणाली.

आपलाच आवाज ऐकून ती दचकली. चंद्रभागा तिच्याकडे बघत राहिली.

"मनूबाय, भावजी पान्यात हायेत."

"माजा नवरा हाय. मी बगीन."

मग त्यांनी मनूबाईचे हात साबणाने धुतले, तेल चोळलं, बांगड्या चढवल्या. शिंगाळा माशाचा काटा घुसून तिच्या डाव्या अंगठ्याचं नख कधीकाळी फुटलं होतं. ते झाकायला सगळ्याच नखांना लाल रंग लावला. दिवे लागले. एवढी सगळी शहरातली माणसं श्वास रोखून तिच्या हातांकडे बघत होती. तिने जिताड्याचं पोट एका सरळ रेषेत उघडलं, हात आत घातला आणि इवलासा काचेचा जोडा बाहेर काढून तळव्यावर धरला. बांगड्या किणकिणल्या. "वा," दिग्दर्शक म्हणाला. मनूबाईला आयुष्यात कोणी "वा" म्हटलं नव्हतं.

"बांगड्या ठेवा मावशी, तुम्हालाच," जाताना प्रभाकर म्हणाला. उजव्या हातातल्या तिने तिथेच उतरवल्या, पण तिला टाकवल्या नाहीत. पदरात बांधून घरी आणल्या आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरल्या. नखांचा रंग रॉकेलने खरवडून काढला. मग भीतीने तिला गाठलं. ती धक्क्यावर जाऊन उभी राहिली. दामाजीची होडी पुलाखालून येताना दिसली तेव्हा कुठे ती घरी वळली. त्या संध्याकाळी तिने त्याला आवडतं तसं झणझणीत कालवण केलं, आणि करता करता गाणं गुणगुणली.

चंद्रभागा कोणाला काही बोलली नाही. हेही मनूबाईला लागलंच. चुगली केली असती तर निदान एकदा कडाकडा भांडता तरी आलं असतं.

दिवाळी होऊन गेल्यावर तो भाग लागला. गोपीनाथ कंपनीत कामाला, कोळीवाड्यातला रंगीत टीव्ही त्याच्याच घरी. त्या रविवारी त्याने तो ओट्यावर आणून ठेवला आणि अख्खी आळी अंगणात बसली. मंजुळाबाय पुढे, तिच्याजवळ चंद्रभागा आणि कान्हा. मनूबाई पार मागे, दामाजीच्या शेजारी.

गोष्ट रंगली. आरसा राणीला खोटं सांगत होता, राक्षस रडत होता, राजपुत्र घोड्यावरून पडला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग खाडी दिसली, आपला धक्का दिसला. आणि पडदाभर दोन हात आले, तेलाने चकाकणारे, हिरव्या चुड्याचे. कोयता सरळ रेषेत चालला. तळव्यावर काचेचा जोडा लखलखला.

"चंद्रभागेचं हात!" कोणीतरी ओरडलं, आणि अंगणात टाळ्या पडल्या.

"कसं हात हायेत बग. राजाची रानीच."

मनूबाई सांगणार तरी काय? आपले म्हणावेत तर त्या हातात बांगड्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि इथे तर दाखवलेला हातही लोकांनी दुसरीच्या नावावर मांडला होता.

टाळ्या थांबल्या त्या मंजुळाबायच्या आवाजाने.

"उजव्या हातान बांगड्या?" म्हातारी उठून उभी राहिली होती. "चंद्रा, उजव्या हातान बांगड्या घातल्यास तू? माजा पोर रोज पान्यात जातो."

कान्हाने मान खाली घातली. चंद्रभागेने एकदा मागे वळून मनूबाईकडे पाहिलं, आणि मग समोर बघत बसली.

"तुला मी लेक मानली. माज्या हातचा घास तुला दिला. आन तू माज्या कान्हाचा जीव इकलास, टीवीसाटी?" म्हातारीचा आवाज फुटला. ती रडायलाच लागली, आणि रडता रडता चंद्रभागेचा उजवा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेऊन बसली.

मनूबाईला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पहिल्यांदा वाटलंही. आज धाकटीची शान उतरली, असं मनात आलं. पण म्हातारी तो हात सोडेना. शिव्या देत होती आणि कुरवाळत होती. आजूबाजूच्या बाया कुजबुजत होत्या, कशी गरीब गाय, उलटून बोलत पन नाय. एवढी वर्षं झाली, मंजुळाबाय आपल्यासाठी एकदा तरी अशी रडली का? दामाजी काय तिच्या पोटचा नव्हता? हात आपले, पाप आपलं, आणि त्यावरची मायाही शेवटी चंद्रभागेच्याच पदरात. हे मात्र मनूबाईला सोसवेना.

"तं हात माजं हायेत," ती उठून म्हणाली.

अंगणातली सगळी तोंडं वळली. कोणीतरी हसलं.

"बस गो मनू," मंजुळाबाय डोळे पुसत म्हणाली. "तिला बोलनी बसली, तं पन तुला पायजेल?"

"माजं हायेत. ती नाय बोलली, म्हनून मी घातल्या. चंद्रे, सांग तू."

"तिला कशाला भरीला घालतंस?" गोपीनाथची बायको म्हणाली. "आमी बगितलं ना, कोन आत गेली ती. तू म्हावरं घेऊन मागना गेलेलीस."

मनूबाईने हात पुढे केले, धक्क्यावर केले होते तसेच, पालथे. आजही त्यांच्याकडे कोणी नीट पाहिलं नाही. तिची पोटदुखी सगळी आळी इतकी वर्षं ओळखून होती, आणि त्या पोटदुखीपुढे तिच्या शब्दाची किंमत ती काय?

"मनूचंच हात हायेत," दामाजी बसल्या जागेवरून म्हणाला.

तो फार बोलणारा माणूस नव्हता, त्यामुळे लोकांनी ऐकलं.

"त्या दिशी जेवताना बगितलं मी. तिच्या फुटक्या नखान लाल रंग व्हता, भेगेन बसलेला. आन आता टीवीवर नखा लाल."

"मंग बोलला का नाय तू?" मंजुळाबाय म्हणाली. "तसाच जात व्हतास पान्यात? एवडं महिनं?"

दामाजीने पायाजवळची काडी उचलून मोडली.

"त्या दिशी गानं बोलत जेवान केल्यान तिनं," तो म्हणाला. "मी मनान बोल्लो, काय झालाय ता झालाय. र्‍हाऊं दे."

टीव्हीत राजा झोपडीपुढे गुडघे टेकून बसला होता, आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मनूबाईने पुढे केलेले हात कधी खाली आले, तिलाच कळलं नाही. ती घरी गेली. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिने बांगड्या शोधून काढल्या.

खाडीवर पोचली तेव्हा ओहोटी होती. पाणी दूर मधल्या धारेला गेलं होतं आणि धक्क्यापासून तिथपर्यंत नुसता काळा चिखल पसरला होता. तिने बांगड्या डोक्याला लावल्या आणि होतं तेवढं बळ लावून फेकल्या. त्या पाण्यापर्यंत पोचल्याच नाहीत. चिखलात पडल्या आणि तिथेच राहिल्या, हिरव्यागार, सगळ्या जगाला दिसतील अशा.

थोड्या वेळाने दामाजी जाळं खांद्यावर टाकून आला. तिच्या जवळून जाताना थांबला, चिखलातल्या बांगड्या पाहिल्या, आणि आपल्या होडीत जाऊन बसला. होडीही चिखलात कलंडलेली होती. भरती आल्याशिवाय ती हलणार नव्हती.

मागे पावलं वाजली. चंद्रभागा येऊन तिच्या शेजारी धक्क्यावर बसली.

"कशाला बोललीस?" तिने विचारलं. "मी नव्हती सांगनार कुनाला."

"तुज्यासाटी नाय बोलली," मनूबाई म्हणाली. "तुला बोलनी बसली, ती पन चांगली बसली. तेवडं पन तुला नको मिलाया, म्हनून बोलली."

"म्हाईत हाय मना," चंद्रभागा म्हणाली, आणि उठून गेली नाही.

ऊन तापायला लागलं. मनूबाईने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. चिखलाने माखलेल्या धक्क्यावर बसली, तरी धाकटीच्या लुगड्याला एक शिंतोडा नव्हता. मनूबाईची नेहमीची पोटदुखी जागी झाली. होडीत दामाजी पाठमोरा बसून जाळं सारखं करत होता. मनूबाईने आपला मोकळा उजवा हात मांडीवर ठेवला, आणि पाणी चढायची वाट बघत बसली.